बोलक्या वायरींचा अभ्रा

३ एप्रिल

नर्सबाईंनी वही दिली ती खारूचं अंग किती तापलं, किती निवलं ते लिहायला. ते पुढच्या पानांवर लिहिते. मागच्या पानांवर हे माझं. बोलायचं तरी कोणाशी? खारूपाशी रडायचं नाही असं ठरवलंय, आणि गिऱ्हाइकांना बाह्यांच्या लांबीपलीकडे काही ऐकायचं नसतं.

खारू काल घरी आला. खारू म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी भिंत दिसली की चढायचा, म्हणून खारू. पुढे वायरमन झाला. खांबांवर चढला, छपरांवर चढला, आणि पडला कुठून, तर दिवा बदलताना स्टुलावरून! सांगताना मला अजून राग येतो. मानेला मार बसला. खांदे हलतात, कोपर जरा वळतं, त्याखाली काही नाही. तोंड मात्र शाबूत आहे. घरात आल्या आल्या म्हणाला, "ताई, हा पलंग वाकडा लावलास."

आज नर्सबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. "मावशी, मेंदूत एक जागा असते. अंग तापलं की ती घाम आणायला सांगते, गारठलं की कुडकुडायला सांगते. तो निरोप मानेतून खाली जातो. दादांचा निरोप आता खाली पोचत नाही. खोली तापली की ते तापणार, खोली गारठली की गारठणार."

मी ऐकतच राहिले. इतकी वर्षं घाम पुसते आहे, नावं ठेवते आहे, आणि तो कोणीतरी पाठवतंय हे माझ्या गावीही नव्हतं. झोपेतसुद्धा पाठवतंय! दुकानात बसून हाताकडे बघत राहिले. सुई धरलेली, त्यावर घामाचा एक थेंब. पुसवेना.

नर्सबाईंनी स्पष्टच सांगितलं. खोली बावीस ते चोवीस अंशांत राहिली पाहिजे, भर उन्हाळ्यातसुद्धा. नाही राहिली तर त्याला घरी ठेवता येणार नाही, देखभाल केंद्रात पाठवावं लागेल. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे भेटायच्या वेळा असतात. मी म्हटलं, "राहील की." कशी राहणार ते मला कुठे माहीत होतं!

५ एप्रिल

आज यंत्र आलं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम करणारं. एक युनिट वर माळ्यावर, एक बाहेर मागच्या भिंतीशी, आणि खारूच्या खोलीत भिंतीवर एक काचेची डबी, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. बसवायला आला तो खारूच्या ओळखीचा, त्याला उस्ताद म्हणणारा. दोन्ही युनिटं टांगली, नळ्या जोडल्या, मेन लाइनची जाड केबल मागच्या भिंतीवरून नेली. मग डबीपासून दोन्ही युनिटांना जाणारी बारीक केबल हातात घेतली, तोच खारू पलंगावरून ओरडला, "ती ठेव खाली. माझ्या घरातली ती वायर मीच ओढणार."

त्याचे हात चादरीवर होते, मी ठेवले होते तसेच. बसवणारा माझ्याकडे बघतो, मी पंख्याकडे.

"मी म्हणजे ताई," खारू म्हणाला. "डोकं माझं, हात तिचे. आयुष्यभर सुईत दोरा ओवलाय तिने. चार वायरी काय जड आहेत?"

बसवणारा बिचारा केबल ठेवून गेला. मी खारूला म्हटलं, "माझा जीव घेणार आहेस का?" तर म्हणतो, "झटका बसत नाही गं त्यात. भित्री कुठली!"

६ एप्रिल

आज शिकवणी. केबलमध्ये चार वायरी. लाल आणि पांढरी करंटच्या, तोही अगदी मिणमिणता करंट. हिरवी आणि पिवळी बोलण्याच्या.

"बोलण्याच्या म्हणजे?"

"बोलण्याच्या म्हणजे बोलण्याच्या. जुनी डबी नुसतं बटण होती. गरम झालं, चालू. गार झालं, बंद. ही विचारते. वरच्याला विचारते, तुझा पंखा किती जोरात आहे? बाहेरच्याला विचारते, तिकडे ऊन किती आहे? तेही उत्तरं देतात. मग ठरतं किती गार करायचं ते."

"कुठल्या भाषेत?"

तेव्हा खारू हसला. पडल्यापासून पहिल्यांदा हसला. "त्यांच्या," म्हणाला.

मी ती हिरवी वायर बोटांत धरून बघत बसले. माझ्या बटणाच्या दोऱ्याहून थोडीशी जाड. आत तांब्याची एक तार. ना आवाज, ना थरथर, आणि हिच्यातून विचारपूस चालणार! मला खरंच वाटत नव्हतं. खारू म्हणाला, "टेलिफोनवर रोज बोलतेस, तेव्हा कुठे विचार करतेस?" हेही खरंच. आपण किती चमत्कार कानाला लावून हिंडतो आणि वर आवाज नीट येत नाही म्हणून कुरकुरतो.

वायर सोलायला दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मग त्याने डोळे मिटले आणि मला सगळी वाट सांगितली. डबीच्या मागून वर जाणारी नळी, ती त्यानेच कधीतरी भिंतीत घातलेली. मग माळा. "तिसऱ्या वाशाला लाकडात गाठ आहे, तिथून उजवीकडे वळव, नाहीतर पाण्याच्या पाइपाला घासेल." मी बॅटरी घेऊन वर गेले, रांगत गेले, तिसरा वासा शोधला. गाठ होती. माझ्या अंगावर काटा आला. खाली पलंगावर पडलेला माणूस, बोट हलत नाही, आणि माळ्यावर माझ्यापुढे तोच चाललाय असं वाटलं.

८ एप्रिल

आज आनंदाच्या भरात घाईघाईने लिहिते.

सकाळी जोडणी पुरी केली. वरच्या युनिटात चारही, बाहेरच्यात चारही. प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी खारू माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचा, "मेन बंद आहे." शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हटलं मी ते. मग मेन चालू केला आणि डबी पाहिली. काळी ठिक्कर.

"मी सांगत होते!" मी बसकण मारली. खारू म्हणाला, "लाल वायर ओढून बघ. मेन बंद करून." ओढली तर हातात आली. मी सोललंच होतं इतकं थोडं, की स्क्रू तारेला न लागता वरच्या प्लास्टिकलाच दाबून बसला होता. पुन्हा सोलली, पुन्हा कसली. डबी उजळली!

मग तिच्यावर एक गोल फिरायला लागला. "काय करतेय?" मी विचारलं. "हाका मारतेय," खारू म्हणाला. "कोण कोण आहे घरात, ते विचारतेय." थोड्या वेळाने वरचं युनिट सापडलं असं आलं. बाहेरचं सापडेना. गोल आपला फिरतोय, फिरतोय. खारूने विचारलं, "बाहेर हिरवी कुठे लावलीस आणि पिवळी कुठे?" मी सांगितलं. "उलट लावलीस. बोलण्याच्या वायरींना उलटसुलट चालत नाही. एकाच्या तोंडाशी दुसऱ्याचं तोंड आलं तर ऐकणार कोण?"

बदलून आले. मेन चालू. गोल फिरला. आणि मग बाहेरच्याचं नाव आलं, खाली त्याचा भलामोठा नंबर, आणि त्याच्या शेजारी बाहेरचं तापमान. भिंतीपलीकडचं तापमान, त्याने स्वतःहून सांगितलेलं! मी खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. नुसता पत्र्याचा खोका, वर पंखा. हा आपला उभा होता मुकाट, कोणीतरी विचारायची वाट बघत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खारू म्हणतो, "ताई, एसी आहे तो." असेल! मला नाही कळत काय वाटलं ते. मोठं काहीतरी वाटलं एवढं खरं.

९ एप्रिल

सकाळी हॉटेलवाल्या बाई आल्या होत्या. सगळ्या खोल्यांचे पडदे शिवून हवेत, वर्षाचं काम आहे म्हणाल्या. मी दारातच हळू आवाजात नाही म्हणून सांगितलं. खारूला कूस बदलायला, पाणी पाजायला, सारखं उठावं लागतं. त्यात एवढा पसारा कुठे मांडू? त्या हिरमुसून गेल्या. जाऊ देत.

मग मी मागच्या भिंतीकडे वळले. जाड मेन केबल आणि माझी बारीक केबल, दोन्ही लोंबत होत्या, बघवेना. आणि वर ऊन. कापड उन्हात राहिलं की विरतं, तशी वायरही विरेल. माझ्याकडे छत्र्यांसाठी आणलेलं जाड कॅनव्हास होतं. त्याचा लांबच लांब अभ्रा शिवला, दोन्ही केबली एकमेकींना चिकटवून आत घातल्या, आणि मेणाच्या दोऱ्याने अशी घट्ट हातशिलाई मारली, की वारा आत जाणार नाही. टाके मोजून घ्यावेत असे! लांबून बघितलं तर भिंतीला काठ लावल्यासारखा दिसतो.

खारूला कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "दोन्ही? एकाच अभ्र्यात?"

"चिकटून. अगदी पाठीला पाठ."

"खिडकीखालच्या कोपऱ्यापासून ते युनिटापर्यंत?"

"अख्खी भिंत."

"ताई..." म्हणाला आणि थांबला. मग बराच वेळ छताकडे बघत राहिला. मला वाटलं पाणी हवं असेल. शेवटी म्हणाला, "ते पडद्यांचं काम नको म्हणालीस का गं?"

कान बघा याचे! मी म्हटलं, "मला नकोच होतं. पडदे म्हणजे नुसती सरळ टीप, कंटाळा येतो."

"हं," म्हणाला. "अभ्रा छान केला असशील." त्याच्या तोंडून छान म्हणजे केवढं! दिवसभर मी गुणगुणत होते.

१७ एप्रिल

आठवडाभर लिहिण्यासारखं काही नाही. यंत्र इतकं गुणाचं निघालं, की चालू आहे का ते बघायला कान लावावा लागतो. सकाळी बाहेर गारवा, दुपारी ऊन, खोलीत तेवीस ते तेवीस. नर्सबाई खूश. "खरी परीक्षा मे महिन्यात," म्हणाल्या, पण हसून.

खारू त्यांना विचारत होता, केंद्रात खोल्या गार असतात का, माणसं नीट बघतात का. मी चहा घेऊन आत गेले तर गप्प झाला. तिथे याच्या ओळखीचं कोणी असावं.

११ मे

कडक ऊन सुरू झालं. आज दुपारी पहिल्यांदा खोली पंचवीसवर गेली. डबीवर आलं की बाहेरच्या युनिटाशी संपर्क नाही. मी धावत बाहेर गेले तर पंखा थांबलेला. जरा वेळाने आपोआप सुरू झाला, जोर धरला, आणि पुन्हा थांबला. पुन्हा तेच. जणू बोलता बोलता कोणी तोंड दाबतंय.

खारूला विचारलं, काय झालं असेल? तो म्हणाला, "माहीत नाही."

खारू आणि माहीत नाही! तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून, नुसता वास घेऊन कुठे जळालंय ते सांगणारा माणूस.

१४ मे

तीन दिवस मी त्या यंत्राच्या मागे आहे. सगळे स्क्रू पुन्हा कसले. मीटर लावून लाल-पांढरी तपासली, करंट बरोबर. हिरवी-पिवळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासल्या, कुठे तुटलेल्या नाहीत. माळ्यावर गेले, तो तव्यासारखा तापलाय, पाइपाला कुठे घासली का ते बोट फिरवून पाहिलं. काही नाही. सकाळी गार असताना सगळं ठीक चालतं. दुपारी ऊन चढलं, त्याने जोर धरला, की बोलणं बंद. म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच.

खारूला एकेक सांगते. पूर्वी मध्येच अडवून दहा प्रश्न विचारायचा. आता "बरं" म्हणतो आणि डोळे मिटतो.

सकाळी बसवणारा येऊन गेला. यंत्र त्याच्यासमोर शहाण्यासारखं चाललं. त्याने दोन्ही टोकं उघडून पाहिली, डबी बदलून पाहिली, म्हणाला, "ताई, जोडणी एक नंबर आहे. आणि अभ्रा तर काय, शोरूममध्ये ठेवावा!" मी लाजले. तो गेला आणि दुपारी पुन्हा संपर्क नाही.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. आज थकून भिंतीला टेकले तेव्हा मनात आलं, जाऊ दे त्याला केंद्रात, निदान रात्रभर झोपेन तरी. आलं आणि लगेच जीभ चावली. मला तो इथे हवाय. पलंग वाकडा लावलास म्हणणारं कोणी नसेल, तर पलंग सरळ लावून काय करू?

१५ मे

आज फार वाईट दिवस गेला.

दुपारी खोली एकोणतीसवर गेली. खारूचं तोंड लालबुंद, अंग भट्टीसारखं, आणि घामाचा एक टिपूस नाही. मी चादरी भिजवून त्याच्यावर टाकल्या, पंखे लावले, मानेखाली गार फडकी ठेवली. तो अर्धवट शुद्धीत होता. "खांबावर कोण आहे?" असं काहीतरी बोलत होता. मी चादर पिळत होते आणि एकीकडे भीतीने रडत होते. नर्सबाई येईपर्यंत कसा वेळ गेला माझं मला माहीत.

ताप उतरला. मग नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, आता नाही चालणार. सोमवारी केंद्रात एक खाट रिकामी होतेय." मी म्हटलं, "अजून दोन दिवस द्या, मी शोधते." खारूकडे बघितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "जातो मी. तिकडे सगळी सोय आहे. ताईला तिचं काम आहे."

मला इतका राग आला! म्हटलं, "माझं काम मला शिकवू नकोस." मी शिवणयंत्र ओढत त्याच्या खोलीत आणलं. आता इथेच बसणार. एकट्याला सोडणार नाही.

१७ मे

केंद्राने सांगितलंय, मागून उघडे राहतील असे सदरे हवेत. नाड्या खांद्याला, म्हणजे कूस बदलताना त्रास नको. दुपारी त्याच्या पलंगाशेजारी शिवायला बसले. ओल्या चादरी त्याच्यावर, पंखा चालू, बाहेर यंत्र सुरू होतंय, बंद होतंय.

मऊ सुती कापड, सरळ टीप. माझ्या हाताला डोळे मिटून यावी अशी. पहिल्या सदऱ्याची टीप वाकडी गेली. उसवली. पुन्हा मारली, पुन्हा वाकडी, नदीसारखी. तिसऱ्यांदा तर कापडाच्या बाहेरच गेली. मी शिवणयंत्रावर जोरात हात आपटला.

"ताई, इकडे दाखव," खारू म्हणाला.

मी सदरा त्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्याने ती टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"यंत्राला तेल हवंय," मी म्हटलं. "आणि दोराही मेला कुठला स्वस्तातला. तुटतोय."

"तू कधी वाकडी टीप मारलेली मी पाहिली नाही."

"सांगितलं ना, तेल हवंय!"

त्याने पुन्हा त्या वाकड्या टिपेकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, कात्री घे. बाहेर जा. तो अभ्रा उसव."

"कुठला अभ्रा?"

"भिंतीवरचा. मेनची केबल मोटरला चालवते. मोटर जोरात फिरायला लागली की ती केबल प्रचंड गोंगाट करते, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. तुझी बोलण्याची वायर तिला चिकटून शिवलीयस तू. गिरणीत उभं राहून कानगोष्ट केल्यासारखं आहे ते. कडक ऊन नसलं की मोटर हळू फिरते, म्हणून चालत होतं. आधी मेन बंद कर. जाड केबलीला हात लावू नकोस, फक्त दोरा काप. बारीक केबल तिच्यापासून वीतभर लांब घे, खिडकीखालच्या कोपऱ्यापासून युनिटापर्यंत, पूर्ण भिंत."

मी तोंडात बोट घालून उभी. माझी शिवण! माझे मोजून घेतलेले टाके! यंत्राचं तोंड दाबत होते ते माझेच टाके! मी म्हटलं, "अरे, आणि हे तुला आत्ता सुचलं होय?"

"आत्ता," म्हणाला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

बिचारा. इतके दिवस डोकं तापलेलं, त्यात कुठून सुचणार? आज पंख्याखाली जरा निवला तेव्हा कुठे सुचलं.

"मेन बंद आहे" असं मोठ्याने म्हणून मी उन्हात उभी राहून उसवत होते. माझाच दोरा, मेण लावलेला, कात्रीलाही दाद देत नव्हता. आयुष्यात मी एवढी घट्ट शिवण कोणाच्या कपड्याला घातली नसेल. बोटांना फोड आले. पण प्रत्येक टाका कापताना वाटत होतं, कोणाच्या तरी तोंडावरचा हात निघतोय. कॅनव्हास गळून पडलं. बारीक केबल वीतभर खाली घेतली, भिंतीला क्लिपा ठोकून पक्की केली. मी कुठवर आली ते सांगत होते आणि खारू पलंगावरून, उघड्या खिडकीतून ओरडत होता, "अजून खाली! अजून! हां." त्या आवाजात जुना खारू होता, गच्चीवरून खालच्या माणसाला ओरडणारा.

मेन चालू केला. गोल फिरला. सगळी सापडली. बाहेरच्याने जोर धरला, आणखी धरला, पंखा घुमायला लागला, मी श्वास धरून डबीकडे बघतेय. संपर्क आहे. अजून आहे. अंश उतरायला लागले. मी भिंतीपाशी खालीच बसले. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि भिंतीतून, माळ्यावरून, त्या दोऱ्याएवढ्या तारेतून निरोप चाललेत, गोंगाटाच्या वीतभर अंतरावरून, न चुकता. वीतभर! एवढंच लागत होतं.

माझ्या हाताच्या वितेकडे मी कितीतरी वेळ बघत होते.

१८ मे

आज रविवार. सबंध दुपार तेवीस. मी डबीपुढून हलले नाही. खारू म्हणतो, "तिला नजर लागेल." लागू दे. त्याच्या मानेला हात लावते, गार. कपाळाला लावते, गार. मग पुन्हा डबीकडे बघते. त्याच्या मानेत जो निरोप अडला, तो जणू भिंतीतून फिरून येतोय आणि बाहेरचा तो पत्र्याचा खोका त्याच्या वतीने घाम गाळतोय. युनिटाखाली खरंच पाण्याचा ओघळ आलाय! मी त्यात बोट बुडवलं. थंडगार. हे मी कोणाला सांगणार नाही, हसतील. पण मी हात जोडले.

१९ मे

नर्सबाई दुपारी आल्या, रस्त्याने चालून घामाघूम झालेल्या. खोलीत पाऊल टाकलं आणि दारातच थबकल्या. डबी बघितली, खारूचं अंग बघितलं, पुन्हा डबी बघितली. "कसं केलंत हो?" मी म्हटलं, "याला सुचलं, मी उसवलं."

"मग केंद्राला काय कळवू? गाडी सांगितलेली आहे."

विचारलं त्यांनी मला, पण उत्तर त्याचं होतं. माझं उत्तर मी ओरडून सांगितलं असतं, जीभ दाताखाली धरून उभी राहिले. त्यानेच त्या दिवशी जातो म्हणून सांगितलं होतं. तोंडाने परत घेतलं नव्हतं.

खारूने डबीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाट दुसऱ्या कोणाला द्या. मी इथेच राहतो. म्हणजे, ताईला चालणार असेल तर."

चालणार असेल तर म्हणे! माझा जीव भांड्यात पडला आणि वर असा संताप आला, की विचारू नका. म्हटलं, "मेल्या, तुझ्यासाठी माळ्यावर रांगले, उन्हात भाजले, बोटं फोडून घेतली, आणि वर विचारतोस चालेल का? केंद्रात गेला असतास तर रोज तिथे येऊन भांडले असते मी. भेटायची वेळ नसेल तर खिडकीतून!"

नर्सबाई हसत हसत गेल्या. यंत्र चालू होतं, खोलीत मंद गारवा. खारूचे डोळे भरलेले दिसले.

"काय रे?"

"छतातल्या झडपेतून येणारा गार झोत सरळ डोळ्यांवर येतोय," म्हणाला.

मी काठीने झडप दुसरीकडे वळवली. तरी पाणी थांबेना. दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत ओघळत होतं, त्याला पुसता येत नाही, मी पदराने पुसत राहिले. "आता येतोय का?"

"येतोय गं अजून," म्हणाला.

झडप अजून नीट वळलेली दिसत नाही. उद्या शिडी लावून बघते.